बडोद्यात आपल्या भागाचा प्रश्न महापालिकेच्या सभेपर्यंत कसा न्यायचा

पुणे, नाशिक किंवा जळगावहून बडोद्यात राहायला आलेल्या माणसाला इथला कारभार पहिल्यांदा परका वाटतो. पाट्या गुजरातीत, अर्ज गुजरातीत, ऑफिसातले शब्दही वेगळे. पण पाया ओळखीचाच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिका आणि बडोद्याची महापालिका मुळात एकाच कायद्यातून आल्या आहेत, १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यातून. राज्यं वेगळी झाली, कायद्याचं नाव दोन्हीकडे बदललं, दुरुस्त्या होत गेल्या, पण सामान्य सभा, स्थायी समिती आणि आयुक्त ही घडी तीच राहिली.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. सामान्य सभेत नागरिकाला उठून बोलता येत नाही. बोलतात ते नगरसेवक. तुम्हाला सभेत बोलायचं नसून दुसऱ्याला तुमच्या वतीने नेमकं बोलता येईल असा कागद त्याच्या हातात वेळेवर द्यायचा आहे. बहुतेक लोक इथेच चुकतात. सभेच्या दिवशी घोळक्याने खंडेराव मार्केटच्या इमारतीसमोर उभे राहतात आणि प्रश्न विषयपत्रिकेत नाही, नगरसेवकाच्या फाइलमध्येही नाही, म्हणून तसाच परत घेऊन येतात.

१. काम नक्की कोणाचं, ते आधी ठरवा

चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज महिनाभर पडून राहतो, म्हणून हे पहिलं. पिण्याचं पाणी, ड्रेनेज, कचरा, रस्त्यावरचे दिवे, शहरातले बहुतेक रस्ते, बागा आणि भटकी गुरं ही महापालिकेची कामं. घरातली वीज गेली किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला तर मध्य गुजरात वीज कंपनी. वाहतूक सिग्नलवर पोलीस हवा असेल तर वाहतूक शाखा. हायवे महापालिकेचा नसतो. शहराच्या हद्दीबाहेर नवी स्कीम असेल तर ‘वुडा’, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरण.

भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला इथे फ्लॅट घेतलेल्यांना शेजारचे जुने लोक अजून ‘पंचायतीत जा’ म्हणून सांगतात. ही सात गावं २०२० मध्ये महापालिकेत आली. तिथल्या पाण्या-ड्रेनेजचा प्रश्न आता कॉर्पोरेशनचाच.

२. वॉर्ड आणि चार नगरसेवक

शहरात १९ निवडणूक वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डातून चार, म्हणजे एकूण ७६ नगरसेवक. तुमचा नगरसेवक एक नाही, चार आहेत, आणि चौघांचीही तुमच्या गल्लीची जबाबदारी सारखीच आहे. त्यामुळे ‘ते दुसऱ्यांचं काम आहे’ हे उत्तर मान्य करू नका.

वॉर्ड नंबर मतदार यादीवरून काढा. वेरा बिलावर, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीच्या बिलावर, छापलेला वॉर्ड आणि निवडणुकीचा वॉर्ड एकच असेल असं धरून चालू नका. बिल्डिंगमधल्या जुन्या रहिवाशाला विचारून खात्री करून घ्या, कारण रस्त्याच्या एका बाजूला एक वॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं बऱ्याच ठिकाणी आहे.

भाडेकरूंनीही मागे राहू नये. तक्रार करायला इथलं मतदार कार्ड लागत नाही. लाइट बिल किंवा भाडेकरार पत्त्याला पुरतो.

३. तक्रार नोंदवा आणि पुरावा जमवा

नगरसेवकाकडे जाण्याआधी महापालिकेच्या तक्रार यंत्रणेत किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवून नंबर घ्या. नंबराशिवाय तुमचं म्हणणं तोंडी राहतं, आणि सभेत अधिकारी ‘अशी तक्रार आमच्याकडे आलेली नाही’ एवढ्यावर विषय संपवू शकतात.

पुरावा कसा गोळा करायचा ते पाण्याच्या उदाहरणाने पाहू, कारण जुन्या भागात, दांडिया बाजार, रावपुरा, वाडीकडच्या पोळांमध्ये (पोळ म्हणजे जुन्या दाट वस्तीची गल्ली), ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि सर्वांत ढिसाळपणे मांडली जाते. ‘पाणी घाण येतं’ एवढ्यावर कोणताही इंजिनियर खोदायचं कुठे ते ठरवू शकत नाही.

पाणी चोवीस तास नसतं, ठरावीक वेळ येतं. पाणी बंद असताना पाइपात दाब राहत नाही. जवळून ड्रेनेजची लाइन जात असेल आणि ती गळत असेल, तर पाण्याच्या पाइपाच्या ढिल्या सांध्यातून ती घाण आत ओढली जाते. मग पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं वास आणि काळपट रंग येतो, नंतर पाणी निवळतं. म्हणून असं करा:

पारदर्शक काचेच्या तीन बाटल्या घ्या. पाणी सुटताक्षणी पहिली भरा, पाच मिनिटांनी दुसरी, पंधरा मिनिटांनी तिसरी. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि घर नंबर लिहा. तिन्ही एका ओळीत पांढऱ्या कागदासमोर ठेवून फोटो काढा. त्याच दिवशी तुमच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरातही हेच करून घ्या.

आता तो फोटो स्वतःच बोलतो. फक्त पहिली बाटली गढूळ असेल तर गळती जवळपास आहे. तिन्ही गढूळ आणि सगळ्या घरांत तसंच असेल तर दोष मागे, मोठ्या लाइनवर. एकाच घरात गढूळ असेल तर बहुधा त्या घराचं स्वतःचं गंजलेलं कनेक्शन गटारातून गेलेलं असतं, आणि ते बदलायचा खर्च घरमालकाचा. ही तिसरी शक्यता आधी तपासून घ्या. सभेत प्रश्न लावल्यावर ती निघाली तर नगरसेवक पुढच्या वेळी तुमचा फोन घेणार नाही.

क्लोरिन तपासायचे थेंब बाजारात मिळतात. पाण्यात पिवळी छटा आली नाही तर त्यात क्लोरिन उरलेलं नाही. घराच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असावं असं भारतीय मानक सांगतं. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र तुमच्या घरची बाटली चालत नाही, तिथे निर्जंतुक बाटलीच लागते. महापालिकेच्या माणसाला तुमच्यासमोर नमुना घ्यायला लावा, नमुन्याचा नंबर लिहून घ्या आणि अहवालाची प्रत मागा.

इतर तक्रारींमध्ये काम सोपं आहे. दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा. खड्ड्याची लांबी-रुंदी टेपने मोजा आणि फोटोत जवळच्या दुकानाची पाटी येऊ द्या. ड्रेनेज उफाळत असेल तर कोणत्या चेंबरमधून, ते नकाशावर खूण करून दाखवा. सलग दहा-बारा दिवसांची नोंद, तारीख-वेळेसह, वहीत ठेवा.

४. एका पानाचा अर्ज

इथे निवेदनाला ‘रजूआत’ म्हणतात. लेखी रजूआत एका पानाची असावी. त्यात फक्त एवढं हवं: कोणती जागा, काय होतंय, किती घरांना आणि कधीपासून, आधीच्या तक्रारींचे नंबर आणि तारखा, आणि शेवटी एकच मागणी. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ ही मागणी नव्हे. ‘घर नंबर अमुकपासून तमुकपर्यंतच्या पाण्याच्या लाइनची तपासणी करून गळती काढावी आणि त्याची तारीख कळवावी’ ही मागणी झाली.

पाणी, कुत्री, पार्किंग आणि दिवे एकाच अर्जात भरू नका. अर्ज ज्या शाखेत पहिल्यांदा जाईल ती शाखा आपलं काम करेल आणि बाकीच्या तक्रारी तिथेच थांबतील.

भाषेची भीती बाळगू नका. गुजराती उत्तम, पण हिंदी ही गुजरातची राजभाषा आहे, देवनागरीत हिंदी अर्ज देता येतो. मराठी अर्ज मात्र टाळा. समोरच्याला वाचता आला तरी पुढच्या शाखेत अडकतो. कामाला येणारे काही शब्द: शाखा म्हणजे खातं, दरखास्त म्हणजे प्रस्ताव, मुलतवी म्हणजे तहकूब, वेरो म्हणजे कर, आणि ‘निकाल’ म्हणजे तक्रार निकाली काढणं. मेसेजमध्ये ‘फरियादनो निकाल’ आला म्हणजे कागदोपत्री तुमची तक्रार संपलेली आहे. जागेवर काम झालं नसेल तर त्याच दिवशी फोटोसह पुन्हा उघडायला सांगा.

सोबत काय लावायचं:

- तक्रारींचे नंबर आणि तारखा
- चार ते सहा फोटो, मागे जागा आणि वेळ लिहून
- हाताने काढलेला साधा नकाशा, उत्तर दिशा दाखवून
- दहा-बारा दिवसांची नोंद
- बाधित घरांच्या सह्या: नाव, घर नंबर, मोबाइल
- वेरा बिलाची किंवा लाइट बिलाची झेरॉक्स
- सोसायटी असेल तर तिचा ठराव

सह्यांबद्दल स्पष्ट मत आहे: ज्यांच्या नळाला खरोखर घाण पाणी येतं अशा वीस घरांच्या सह्या, सगळ्या परिसरातून गोळा केलेल्या दोनशे सह्यांपेक्षा जास्त वजनाच्या असतात. अधिकारी यादीतल्या दोघा-तिघांना फोन करून बघतात. फोन उचलणाऱ्याला विषयच माहीत नसेल तर पूर्ण अर्ज हलका पडतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. टेबलावर ठेवून जा म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

५. नगरसेवकाला प्रश्न तयार करून द्या

सबंध कामाचा जीव या पायरीत आहे.

अर्जाची प्रत चौघाही नगरसेवकांना द्या आणि अर्जाखाली चौघांची नावं ‘प्रत रवाना’ म्हणून लिहा. चौघे एकाच पक्षाचे असोत वा नसोत, एकालाच धरलं की बाकीचे हात काढून घेतात. मात्र सभेतला प्रश्न कोण विचारणार ते एकाशी पक्कं करा. भेटायला सकाळी घरी किंवा जनसंपर्क कार्यालयात जा, तीन-चार जणच, त्यात त्या गल्लीतली एखादी बाई असावीच, कारण पाण्याची वेळ आणि वास तिला सगळ्यांपेक्षा नेमका सांगता येतो. इथे नावापुढे भाई किंवा बेन लावायची पद्धत आहे. ‘बेन, आ अमारी पोळनी पाणीनी रजूआत छे,’ एवढ्या एका वाक्याने बसायला खुर्ची मिळते, पुढचं हिंदीत बोललात तरी चालतं.

आता नियम. नगरसेवकाला सभेत लेखी प्रश्न विचारायचा असेल तर तो किमान सात पूर्ण दिवस आधी महापालिकेच्या सचिवांकडे द्यावा लागतो. सात पूर्ण दिवस म्हणजे देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून सात. दुसरीकडे, सभेची सूचनाही साधारण सात पूर्ण दिवस आधीच निघते. याचा अर्थ नीट बघा: विषयपत्रिका हातात येईपर्यंत तुम्ही थांबलात तर प्रश्नाची मुदत त्याच दिवशी संपलेली असते. सभेची बातमी वाचून धावपळ करणाऱ्यांचा प्रश्न म्हणूनच पुढच्या महिन्यावर जातो.

कायद्याप्रमाणे दर महिन्याला किमान एक साधारण सभा, महिन्याच्या २० तारखेपर्यंत, व्हायची असते. त्यामुळे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच प्रश्न नगरसेवकाच्या हाती द्या.

प्रश्नाचे शब्दही तुम्हीच लिहून द्या. मत विचारणारा, ‘असं झालं तर काय’ अशा जर-तरचा, कोर्टात चालू असलेल्या बाबीचा किंवा अधिकाऱ्याच्या खाजगी वागणुकीचा प्रश्न घेता येत नाही. ‘प्रशासनाला नागरिकांच्या आरोग्याची काळजी आहे का?’ हा प्रश्न तिथेच बाद होतो, किंवा ‘होय’ म्हणून त्याचं उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा:

‘वॉर्ड क्रमांक अमुकमधील तमुक पोळमधून गेल्या तीन महिन्यांत दूषित पाण्याच्या किती तक्रारी आल्या? किती नमुने घेतले आणि त्यांचे निष्कर्ष काय? तिथली पाण्याची लाइन कोणत्या वर्षी टाकलेली आहे? ती बदलण्याच्या खर्चाचा अंदाज तयार झाला आहे का, असल्यास रक्कम किती आणि काम कधी सुरू होणार?’

या चारांतल्या प्रत्येकाचं उत्तर आकडा, वर्ष किंवा तारीख आहे. लेखी उत्तर द्यायचं म्हणून शाखेला फाइल काढावी लागते, आणि पुष्कळदा गळती उत्तर तयार होण्याआधीच काढली जाते.

प्रश्न सचिवांकडे गेल्याची पोच नगरसेवकाकडून बघून घ्या. विनयाने, पण बघाच.

६. सभेचा दिवस

सभा कायद्याने लोकांसाठी खुली असते. उपस्थित नगरसेवकांनी बहुमताने ठरवलं तरच एखादा विषय बंद दाराआड घेता येतो. प्रेक्षकांची जागा थोडी असते, म्हणून आदल्या दिवशी सचिवांच्या ऑफिसात किंवा तुमच्या नगरसेवकामार्फत प्रवेशाचं विचारून ठेवा. ओळखपत्र न्या. फलक, घोषणा, टाळ्या काही नको. एका घोषणेपायी सगळी गॅलरी रिकामी करायला लावतात आणि तुमचा विषय मागे पडतो.

बडोद्यात नवख्यांना नेहमी चकवणारी एक गोष्ट: एखाद्या मान्यवराचं निधन झालेलं असेल तर शोक ठराव करून सभा मुलतवी होते. दोन मिनिटांचं मौन आणि सगळे बाहेर. याचा राग मानू नका आणि काम झालं असंही समजू नका. पुढची तारीख लगेच विचारून घ्या.

उत्तर दिलं जाईल तेव्हा तीन गोष्टी टिपा: कोणी दिलं, कोणती तारीख सांगितली, आणि ‘करू’ म्हणाले की ‘अंदाज तयार आहे’ म्हणाले. या दोहोंत सहा महिन्यांचं अंतर असू शकतं.

७. पैसा लागणारं काम असेल तर

गळती काढणं हे रोजच्या देखभालीतलं काम. नवी लाइन, नवा रस्ता, पंप ही कामं सभेतल्या भाषणाने होत नाहीत, त्यांची टेंडरं स्थायी समितीपुढे जातात. या समितीत बारा नगरसेवक असतात आणि ती साधारण दर आठवड्याला बसते. म्हणून काम ‘मंजूर झालं’ असं कोणी सांगितलं की कुठे मंजूर झालं ते विचारा: अंदाजाच्या पातळीवर, की स्थायीत टेंडर मंजूर?

त्याहून आधीचा टप्पा बजेटचा. आयुक्त साधारण जानेवारीच्या अखेरीस मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, फेब्रुवारीत तो सभेपुढे येतो, आणि करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. नव्या कामाची मागणी डिसेंबरमध्येच लेखी जायला हवी. मार्चमध्ये मागितलेला रस्ता पुढच्या वर्षीचा.

पावसाळी कांसचंही, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचंही, असंच आहे. भूखी, मासिया किंवा रूपारेल कांसच्या काठाला राहणाऱ्यांची ओरड दर जुलैत होते, पाणी घरात शिरल्यावर. तोवर साफसफाईची टेंडरं निघून गेलेली असतात. कांसचा फोटो फेब्रुवारीत काढा, गाळ आणि झाडोरा कुठे आहे ते दाखवा, मार्चच्या सभेत प्रश्न लावा, मेमध्ये जागेवर जाऊन बघा. विश्वामित्रीच्या पुराचा फटका ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांनी सोसला त्यांना हे सांगायला नको, पण नव्याने येणाऱ्यांना घर घेतानाच सांगा.

सोसायटीच्या आतला रस्ता खाजगी धरला जातो, त्यावर सभेत प्रश्न लावून उपयोग होत नाही. त्यासाठी राज्य सरकारची जनभागीदारी योजना आहे: खर्चाचा ७० टक्के वाटा सरकारचा, २० टक्के सोसायटीचा आणि १० टक्के स्थानिक संस्थेचा. आतला रस्ता, पेव्हर ब्लॉक, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, दिवे यात बसतात. इथे काम अडतं ते सरकारकडून नव्हे, सोसायटीच्या २० टक्क्यांवर. आधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून वर्गणी जमा करा, मगच अर्ज करा.

८. सभेनंतर

उत्तरात सांगितलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात जा, शिक्क्याची प्रत दाखवा. काम झालं नसेल तर आठवडाभर थांबून माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातमध्ये शुल्क २० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्ज हिंदीतही चालतो. कारण विचारू नका, कागद मागा: सभेच्या कार्यवाहीची नक्कल, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल, कामाचा अंदाज, वर्क ऑर्डर. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

दुसरी वाट ‘स्वागत’ची, म्हणजे राज्य सरकारच्या तक्रार निवारण कार्यक्रमाची. २००३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात राज्य पातळीची सुनावणी महिन्याच्या चौथ्या गुरुवारी असते, आणि त्याखाली जिल्हा पातळीवरही तक्रारी ऐकल्या जातात. तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘खाली कुठे कुठे अर्ज केला?’ हाच. शिक्क्याच्या प्रती, तक्रार नंबर आणि सभेतलं लेखी उत्तर तारखेच्या क्रमाने लावून एकाच फाइलमध्ये न्या, आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या.

काम झालं की पुन्हा त्याच तीन बाटल्या भरा, त्याच घरांत, त्याच वेळेला. नवा फोटो जुन्याशेजारी लावून एक प्रत वॉर्ड ऑफिसात आणि एक प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकाला द्या, सोबत दोन ओळींचे आभार लिहा. फाइल गल्लीतल्या एकाच ठरलेल्या घरी ठेवा आणि ते घर सोडून जाणार असतील तर जाण्याआधी दुसऱ्याच्या हातात द्या.